ज्वालामुखीचा दाखला

हरिहर सरांनी एकतीस वर्षं ज्वालामुखी शिकवला आणि जन्मात एकही पाहिला नाही. पण शिकवायचे असे, की मागच्या बाकावरची पेंगणारी पोरंसुद्धा ताठ व्हायची. पृथ्वीच्या पोटात खडक कसा वितळतो, तो वर यायला वाट कशी शोधतो, वाट मिळाली की काय होतं, हे सगळं ते असं सांगायचे की जणू हे सकाळी तिथं जाऊनच शाळेत आलेत. मग कुणीतरी विचारायचंच, "सर, आपल्याकडे कुठाय ज्वालामुखी?" त्या प्रश्नाची सर वाटच बघत असायचे. वहाणेसकट पाय दाणकन फरशीवर आपटायचे आणि म्हणायचे, "हा काय, तुझ्या पायाखाली."

मग सांगायचे की आपल्याकडे तोंड असलेला डोंगर नव्हता, जमिनीला मैलोनमैल भेगा पडल्या आणि त्यातून रस वाहिला. एकावर एक थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याचा झाला काळा कातळ, आणि वरचा कातळ उन्हापावसात कुजून झाला आपला तांबडा जांभा. ज्या चिऱ्याची तुमची घरं आहेत तो चिरा म्हणजे ज्वालामुखीच, असं म्हटलं की पोरं भिंतीला हात लावून बघायची. शिकवणं म्हणून उत्तम होतं ते, नाही कोण म्हणतं?

आणि ते मॉडेल. दरवर्षी डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन आलं की सर मातीचा डोंगर करत. माती आणायचा शाळेचा शिपाई बाबल्या. हा तळेकोंडचा. तळेकोंड म्हणजे शहरापासून रिक्षानं अर्ध्या तासावर, सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठाराच्या, कुशीत उतारावर वसलेली पंधरा घरांची वाडी. बाबल्याच्या घराण्याचं काम विहिरी खणण्याचं. तोही सुट्टीत खणायचा. विहिरीत जांभा संपला की काळ्या कातळाच्या आधी एक पांढुरकी, मऊ, साबणासारखी माती लागते. कोकणात तिला शेडी म्हणतात. मळायला सोपी, आकार छान घेते. बाबल्या तीच गोणीभर आणून द्यायचा.

गंमत अशी, की डोंगर व्हायचा सुरेख, पण आतून व्हिनेगर-सोड्याचा लाल फेस वाहायला लागला की तासाभरात एक बाजू बसायची. एके वर्षी तर पाहुणे समोर उभे असताना अर्धा डोंगर टेबलावरून सरळ त्यांच्या पायाशी आला. पोरं फिदीफिदी हसली. सर खवळले. "बाबल्या, तुझ्या मातीत दमच नाही. पुढल्या वर्षी सिमेंट आण."

"पानी लागला की शेडी बसतेच, सर," बाबल्या म्हणाला. "विहिरीत आमी तिला भितंव."

पुढच्या वर्षी सिमेंटचा डोंगर झाला. तालुक्यात पहिला नंबर आला. ती ढाल अजून सरांच्या बैठकीच्या खोलीत आहे, आणि सरांच्या पत्नी उल्काताई दर दिवाळीला तिला चिंच लावून घासतात.

तर ही माती सरांच्या हातात वर्षानुवर्षं होती. नखांत अडकायची, घरी जाऊन ब्रशनं काढावी लागायची. एवढं मात्र लक्षात ठेवा.

आठ वर्षांपूर्वी, सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. तळेकोंडच्या डोक्यावर सड्यावर संदेशनं चिरेखाण काढली. संदेश सरांचाच विद्यार्थी, हुशार, बोलायला गोड. खाण खोल जायला लागली तशी खालच्या वाडीत कुजबुज सुरू झाली. पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचतं, ते जातं कुठं? ग्रामसभा ठरली. तिच्या आदल्या दिवशी संदेश सरांच्या घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, लोक घाबरलेत. माझं कोण ऐकणार? तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर तुमच्या शब्दावर वाडी झोपेल शांत."

पैसे नाही दिले हो त्यानं. दिले असते तर सरांनी त्याला पायरीवरून हाकलला असता. पैशानं न होणारी कामं मोठेपणानं होतात, आणि सरांना मोठेपणा जरा जास्तच आवडायचा. त्यांनी शाळेच्या नावाचा कागद घेतला आणि त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: सदर सडा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकातून निर्माण झालेल्या अत्यंत कठीण खडकाचा असून त्यापासून वाडीस कोणताही धोका संभवत नाही. खाली सही, हुद्दा, तारीख.

ग्रामसभेत पत्र वाचून झालं तेव्हा मागून बाबल्या उठला. हातात टोपी. "सर, जांभ्याच्या खाली शेडी हाय. खड्ड्यातला पानी तिथवर गेला तर वरचा सगळा घेऊन येल."

आणि सर म्हणाले, "बाबल्या, भूगोल मी शिकवतो."

सभा हसली. बाबल्यासुद्धा थोडा हसला, कारण सगळे हसत होते. बसला खाली. संपलं.

मागच्या वर्षी जुलैमध्ये पाच दिवस पाऊस हटला नाही. सहाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला वाडीच्या वरच्या अंगाला जमीन सुटली. चार घरं गेली. तीन घरांतली माणसं आवाज ऐकून बाहेर पळाली. बाबल्याची बायको चिमा दाव्याची गाय सोडायला परत गोठ्यात गेली. गाय निघाली. चिमा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली.

सर भेटायला गेले होते. बाबल्या अंगणात बसला होता, म्हणजे अंगण होतं तिथं. घोट्याएवढ्या पांढुरक्या चिखलात. सरांनी तो चिखल बघितला आणि ओळखला. वर्षानुवर्षं नखांतून काढलेला चिखल, ओळखणार नाहीत तर काय. बाबल्यानं एकदाच वर बघितलं. बोलला असता, शिव्या घातल्या असत्या, तर सर घरी जाऊन जेवले तरी असते.

खाण बंद झाली. सर्वांना वाटलं आता कायमची. पण मार्चमध्ये सरांच्या घरी नोटीस आली. खाण पुन्हा सुरू करावी म्हणून संदेशनं अर्ज केला होता, त्याची सुनावणी होती. दरड नैसर्गिक आपत्ती आहे, खाणीचा संबंध नाही, असं त्याचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून सोबत एक झेरॉक्स. सरांचं पत्र. वाईट याचं, की ती झेरॉक्स हातात घेतल्यावर सरांच्या मनात पहिला विचार आला तो आपलं अक्षर किती छान होतं असा. दुसऱ्या क्षणी त्यांना स्वतःची किळस आली. ते उठून मोरीत गेले आणि चूळ भरून आले.

"कळवून टाका, पत्र चुकीचं होतं म्हणून," उल्काताई म्हणाल्या.

"नुसतं म्हणून काय होणार? लेखी आहे ते."

"मग लेखी कळवा."

"कळवलं. कचेरीतले म्हणाले, आता आपण निवृत्त आहात, शाळेच्या कागदावर आहे का?" सर खुर्चीत बसले. "वाडीत अकरा घरं राहिलीत, उल्का. खाण चालू झाली की खड्डा वाढणार, येत्या पावसात पुन्हा भरणार. हे मला तिथं दाखवावं लागेल. दाखवल्याशिवाय कोणी मानत नाही. मीच शिकवलं तसं सगळ्यांना."

म्हणून सर तळेकोंडला गेले. बाबल्या आता वाडीच्या खालच्या टोकाला, तिथल्या प्राथमिक शाळेच्या पडवीला पत्रा लावून राहत होता. सर दारात उभे राहिले.

"बाबल्या, मला गोणीभर शेडी हवी आहे."

बाबल्या उठून बाहेर आला. "कशाला, सर? प्रदर्शन हाय?"

"सुनावणी आहे. मॉडेल करणार आहे. खाली कातळ, वर शेडी, वर जांभा, खड्डा, पाणी. ते साहेबांसमोर घसरेल."

"घसरेल," बाबल्या म्हणाला. "आमच्या चिमाच्या अंगावरची हाय अजून हितं. तीच न्या." आणि आत जाऊन फावडं घेऊन आला. सर त्याच्यामागून चालत गेले. फावडं मारताना बाबल्या म्हणाला, "मना तुमचा राग नाय असा नाय, सर. हाय. रोज हाय. पन घरा अकरा हायत." सर म्हणाले, "राग असू दे. असायलाच पाहिजे." दोघांनी गोणी उचलली.

बैठकीच्या खोलीत, ढालीच्या खालीच, मॉडेल झालं. तिरकी धरलेली काळी शहाबादी लादी, तिच्यावर चार बोटं शेडी, वर जांभ्याचे ठेचलेले तुकडे चोपून बसवलेले, माथ्यावर एक वाटीएवढा खड्डा. नात आर्या सुट्टीला आली होती, तिनं काड्यापेट्यांना रंग देऊन अकरा घरं केली आणि उतारावर चिकटवली. सरांनी तांब्यानं खड्डा काठोकाठ भरला आणि समोर खुर्ची टाकून बसले. काही होईना. पाणी जिरलं, पुन्हा ओतलं, पुन्हा जिरलं. आर्या कंटाळून खेळायला गेली. एक तास पन्नास मिनिटांनी जांभ्यात केसाएवढी चीर दिसली, आणि मग एकदम, काही कळायच्या आत, सगळा उतार घरांसकट लादीच्या खाली. सरांनी वहीत वेळ लिहिली. पुन्हा करून बघितलं. एक तास पंचेचाळीस.

"साहेबांना सांगा एवढा वेळ लागतो म्हणून," उल्काताई म्हणाल्या.

"लवकर जाईन. आधीच पाणी घालून ठेवीन."

सुनावणी अकराची. सर आणि बाबल्या रिक्षातून मॉडेल मांडीवर घेऊन साडेनवालाच कचेरीत हजर. बाकावर मॉडेल ठेवलं, सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तोच आतून क्लार्क बाई आल्या. "आजोबा, इथं पाणीबिणी सांडायचं नाही. फायली आहेत."

"सांडणार नाही. खड्ड्यात ओततोय."

"काय ते आत साहेबांसमोर करा."

सरांनी बाटली ठेवून दिली. एकतीस वर्षं वर्गात शिस्त लावलेला माणूस, कुणी शिस्त लावली की गप्प बसतो. बाबल्या म्हणाला, "वता, सर. काय करनार हायत?" पण सरांनी ओतलं नाही. हे त्यांना पुढे फार छळणार होतं.

अकराचे बारा झाले, बाराचा एक. साहेब मीटिंगमध्ये होते. मग जेवायला गेले. अडीचला नाव पुकारलं. संदेश आधीच आत बसलेला, सरांना बघून उठून उभा राहिला, स्वतःची खुर्ची दिली. त्याच्या वकिलानं पत्र वाचून दाखवलं, तेही अगदी आदरानं: एका ज्ञानवृद्ध भूगोल शिक्षकाचं मत.

"ते पत्र माझंच आहे आणि ते चूक आहे," सर म्हणाले. "खडक कठीण आहे, पण तो ज्याच्यावर बसलाय ते कठीण नाही. मला ते माहीत असायला हवं होतं. हा बाबल्या, याला माहीत होतं, यानं सभेत सांगितलं, आणि मी याला गप्प केलं. मी दाखवतो." त्यांनी खड्ड्यात पाणी ओतलं.

सगळे मॉडेलकडे बघायला लागले. पाणी जिरलं. सरांनी पुन्हा ओतलं. पंख्याचा आवाज येत होता. पाच मिनिटं गेली. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"याला वेळ लागतो," सर म्हणाले. "पावणेदोन तास. डोंगरालाही लागतोच. सात वर्षं लागली."

"सर, माझ्या अजून सहा सुनावण्या आहेत," साहेब म्हणाले. वाईट नव्हता माणूस. "मॉडेल सुंदर आहे. घरं फारच छान केलीत. हे एखाद्या शाळेला द्या, मुलांना उपयोग होईल." मग त्यांनी क्लार्क बाईंना सांगितलं ते असं: अर्जदारानं खड्ड्याभोवती तारेचं कुंपण घालावं, धोक्याची पाटी लावावी, या अटींवर काम सुरू करण्यास हरकत नाही. पत्र रेकॉर्डवर आहे. निवृत्त शिक्षकांचं आजचं म्हणणं नोंदवून घेतलं.

आदेशाची नक्कल हातात पडेपर्यंत तास गेला. बाहेर संदेशनं सरांच्या पायाला हात लावला. "सर, गाडी आहे, घरी सोडतो. ऊन फार आहे."

"तू जा," सर म्हणाले. पाय मागे घ्यायला हवे होते, तेवढंही सुचलं नाही.

"आता?" बाबल्यानं विचारलं.

"आता तळेकोंडला. खड्डा बंद होत नसेल तर माणसं हलवू. पावसाला दोन महिने आहेत. घराघरात हे ठेवीन, बसून राहीन, घसरेपर्यंत हलणार नाही." सरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. पाणी घातल्याला सव्वा तास होत आला होता. "तिथं पोचेपर्यंत वेळ बरोबर येईल बघ."

रिक्षा निघाली. मॉडेल दोघांच्या मांडीवर. घाटीच्या वळणावर, तळेकोंड दहा मिनिटांवर असताना, सरांच्या मांडीला गार लागलं. खाली बघतात तो जांभा, शेडी, अकरा घरं, सगळं त्यांच्या धोतरावर आणि रिक्षाच्या फळीवर. रिक्षावाला वैतागला, "ओ काका, काय हे, सीट बघा." सर चिखलात हात घालून बसून राहिले. घसरलं होतं. बरोबर जसं घसरायला हवं तसं घसरलं होतं. बघायला कोण होतं, तर बाबल्या, आणि बाबल्याला बघायची गरज नव्हती.

तळेकोंडला पहिलं घर श्रद्धाचं. सरांची विद्यार्थिनी, दहावीला इतिहास-भूगोलात त्र्याऐंशी मार्क. नवरा मुंबईला, दोन लहान मुलं. तिनं सरांचं ते ध्यान बघितलं आणि आधी पाणी आणलं, मग पाय धुवायला बादली. सर बसले नाहीत. रिकामी लादी पुढे धरून उभ्याउभ्या सांगायला लागले: कातळ, शेडी, पाणी, वेळ. हे बघ, असं घसरलं. आताच घसरलं.

श्रद्धानं लादी बघितली, चिखल बघितला. "रिक्षात हिसका बसला असेल, सर," ती हळूच म्हणाली. "रस्ता केवढा खराब आहे."

"हिसका नाही, श्रद्धा. मी घरी दोनदा केलंय. वेळ लिहून ठेवलीय. तुम्ही पावसाच्या आत इथून निघा."

"कुठं जायचं?"

निवारा शेड आहे, नातेवाईक आहेत, अर्ज करू, असलं सगळं. ते त्यांनी सांगितलं. श्रद्धानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुम्ही प्रश्न घालायचात. ज्वालामुखीजवळ धोका असूनही लोक वस्ती का करतात. दोन मार्कांना."

"हो."

"जमीन चांगली असते आणि दुसरीकडे जमीन नसते म्हणून. तुम्हीच लिहून दिलेलं उत्तर. मी सहामाहीला आणि वार्षिकला, दोन्ही वेळा पूर्ण मार्क घेतलेत." ती चिडून नाही बोलली. उलट त्यांचीच समजूत काढत होती, घरातल्या थकलेल्या माणसाची काढतात तशी. "आणि वरची चार घरं गेली ती पऱ्याच्या, वाहत्या पाण्याच्या अंगाला होती. इथं काही होत नाही. इथलं तर तुम्ही लेखी दिलंय."

ती आत गेली आणि भिंतीवरून काहीतरी काढून घेऊन आली. प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद. ग्रामसभेनंतर वाडीतल्या प्रत्येक घराला एकेक प्रत वाटली होती म्हणे संदेशनं, आणि हिनं मढवून देवाच्या फोटोशेजारी लावली होती. कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं होतं.

"पाऊस फार झाला ना, की मुलं रडतात," श्रद्धा म्हणाली. "मग मी हे वाचून दाखवते. साडेसहा कोटी वर्षं म्हटलं की झोपतात."

सरांनी हात पुढे केला. "दे तो कागद. तो खोटा आहे. मी सांगतोय ना, मीच लिहिला आणि मीच सांगतोय. तुझ्या पाया पडतो, दे."

श्रद्धा दोन पावलं मागे सरली. दारात बाबल्या खाली मान घालून उभा होता, त्याच्याकडे तिनं बघितलं, सरांच्या चिखलानं भरलेल्या धोतराकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांची कीव आली तिला.

"तुम्हाला चिमाकाकीचं लागून राहिलंय, सर. सगळ्यांनाच लागलंय," ती म्हणाली. "पण हा कागद राहू दे. तेवढाच आहे आमच्याकडे." आणि तिनं पदरानं पुसून तो पुन्हा भिंतीवर, होता तिथं लावला.